सभासदांची मोजदाद : निवृत्तांच्या वार्षिक सभेची पूर्वपीठिका



आपल्या संस्थेच्या सभासद कुटुंबांत आज असे घर विरळा, की ज्यात एखादा तरी निवृत्त मनुष्य नाही. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाला, कोणी पाटबंधारे खात्यातून, कोणी वनखात्यातून, तर कोणी टपाल किंवा रेल्वेच्या नोकरीतून. ही सर्व मंडळी आपल्या ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यास जशी येतात, तशीच ती आपापल्या निवृत्त कर्मचारी मंडळाचीही सभासद असतात, आणि वर्षातून एकदा त्या मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. घरातील तरुणांस हा म्हाताऱ्यांच्या चहापानाचा प्रसंग वाटतो. सभेला जाणाऱ्यांपैकीही पुष्कळांना तसेच वाटते, हे कबूल केले पाहिजे. वस्तुतः त्या दोन-तीन तासांत दोन प्रश्नांचा निकाल लागत असतो. मंडळाचा पैसा कसा खर्च झाला हा पहिला, आणि मंडळाचे सभासद म्हणून कोणास मोजावयाचे हा दुसरा. पहिल्याविषयी आपण सारे दक्ष असतो; पेढ्यांच्या खर्चावरून अर्धा तास वाद घातलेला मी पाहिला आहे. दुसऱ्याविषयी मात्र कोणी तोंड उघडीत नाही. प्रस्तुत लेखात त्या दुसऱ्या प्रश्नाचाच थोडा इतिहास सांगण्याचा हेतू आहे.

सभा ही वस्तू इंग्रजांनी आपणांस दिली, असा समज पसरलेला आहे. तो अर्धाच खरा होय. मराठेशाहीत वतनाचा, शिवेचा किंवा मानपानाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसत असे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार तीत बसत, आणि निवाड्याचा जो कागद होई त्यास महजर म्हणत. इतिहाससंशोधकांनी असे महजर मोठ्या संख्येने प्रसिद्ध केले आहेत. त्यांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मिती व ठिकाण लिहून झाल्यावर तंट्याची हकीकत सांगण्याच्या आधीच सभेस हजर असलेल्यांची नावे येतात. ‘हाजीर मजालस’ असा त्या यादीचा मथळा असे. अमुक पाटील, अमुक चौगुला, अमुक सुतार. निवाड्याचे वजन त्या यादीवर अवलंबून असे. कारण पुढे कोणी निवाडा नाकारला तर, तू अथवा तुझा बाप त्या सभेत होता, असे त्यास दाखविता येई. ज्यास अक्षर येत नसे तो निशाणी करी. पाटलाची निशाणी नांगराची, इतरांची आपापल्या हत्याराची, आणि स्त्रीला निशाणी करावयाची झाल्यास ती बांगडीची. आजच्या सभेतील हजेरीपुस्तक हे या हाजीर मजालशीचेच वंशज आहे, असे म्हणावयास हरकत नाही. गोतसभेत कोण बसेल हे जन्माने आणि वतनाने ठरत असे, हाच काय तो फरक. वर्गणी भरून गोतात कोणाला बसता येत नसे.

वर्गणी भरून सभासद व्हावे, सभासदांनी कार्यकारी मंडळ निवडावे आणि त्याने वर्षाकाठी सभासदांना हिशेब द्यावा, ही रीत मात्र इंग्रजी अमदानीतील खरी. तिचे कायदेशीर मूळ म्हणजे १८६० सालचा २१ वा कायदा, म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम. विलायतेत वाङ्मयीन व शास्त्रीय संस्थांकरिता १८५४ साली जो कायदा झाला होता, त्याच्या धर्तीवर हा झाला. कायदा आकाराने लहान आहे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यास एका बैठकीत वाचता येईल इतका. निदान सात माणसे एकत्र आली म्हणजे संस्था होते. वार्षिक सर्वसाधारण सभा ज्या दिवशी भरावयाची असेल, त्यानंतर चौदा दिवसांच्या आत कार्यकारी मंडळाच्या सभासदांची यादी, नाव, पत्ता आणि व्यवसाय यांसह, निबंधकाकडे पाठविली पाहिजे. संस्थेच्या नियमांत अशा सभेची तरतूदच नसेल, तर ती यादी जानेवारीत पाठवावयाची.

याच कायद्यातील दोन कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पंधराव्या कलमात सभासद कोण हे सांगितले आहे. नियमाप्रमाणे दाखल झालेला, वर्गणी भरलेला किंवा सभासदांच्या पटावर सही केलेला, आणि राजीनामा न दिलेला मनुष्य म्हणजे सभासद. पण ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली असेल, त्यास मत देता येत नाही आणि सभासद म्हणून मोजताही येत नाही. तरुणांच्या क्रीडामंडळाला हा नियम शोभतो. वर्षभर अंथरुणास खिळलेल्या आणि वर्गणी वसूल करावयास ज्याच्याकडे कोणीच गेले नाही अशा ऐंशी वर्षांच्या मनुष्याला तो लावला, म्हणजे काय होते ते सांगावयास नको. दुसरे कलम बारावे. संस्थेचे उद्देश बदलावयाचे असतील, तर त्याचा लेखी मसुदा खास सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे पोचता केला पाहिजे अथवा टपालाने धाडला पाहिजे; त्या सभेत एकंदर सभासदांपैकी तीनपंचमांश मते अनुकूल पडली पाहिजेत; आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी खास सभा बोलावून तेथेही हजर असलेल्यांच्या तीनपंचमांश मतांनी तो ठराव कायम झाला पाहिजे. पहिल्या सभेतील मते प्रत्यक्ष हजर राहून किंवा मुखत्यारामार्फत देता येतात, असे कायद्याने स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे जो येऊ शकत नाही त्याचेही मत मोजता येते, हा विचार दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या कायद्यात घातला गेला होता. आपल्यापैकी किती मंडळांच्या नियमावलीत तो उतरला आहे, हे प्रत्येकाने आपापली घटना काढून पाहावे.

मुखत्यारनाम्याची कल्पना महाराष्ट्रात सार्वजनिक कामात आणणारी पहिली मोठी संस्था म्हणजे पुण्याची सार्वजनिक सभा. २ एप्रिल १८७० रोजी ती स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. त्या तक्रारी सरकारच्या कानी घालावयास कोणीतरी लोकांच्या वतीने उभे राहावयास हवे होते, आणि तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, असा प्रश्न सरकार विचारणार हे उघड होते. त्याचे उत्तर म्हणून गणेश वासुदेव जोशी, ज्यांना पुढे सारा महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणू लागला, यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा नियम केला, की ज्यास सभेचा सभासद व्हावयाचे असेल त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. आरंभीचे ९५ सभासद सुमारे ६००० लोकांच्या सह्या घेऊन बसले. खुर्चीवर बसलेल्या एका माणसाच्या पाठीशी पन्नास माणसे घरी, शेतात, दुकानात आहेत, आणि ती मोजली गेली आहेत, ही गोष्ट नवी होती. न्यायमूर्ती रानडे पुढल्या वर्षी पुण्यास आले, आणि सभेच्या कामास अभ्यासाची जोड मिळाली. तो सर्व इतिहास आपल्या शाळांतून शिकविला जातो. मुखत्यारपत्राचा नियम मात्र सहसा शिकविला जात नाही.

याच सभेच्या इतिहासात वार्षिक सभा किती निर्णायक ठरू शकते, याचे उदाहरण सापडते. १८९५ च्या जुलै महिन्यात व्यवस्थापक मंडळाची वार्षिक निवडणूक झाली. पंचवीस वर्षे सभेवर रानडे यांच्या पक्षाचा प्रभाव होता. त्या निवडणुकीत टिळक पक्षाचे बहुमत झाले. गोपाळ कृष्ण गोखले हे सभेचे एक चिटणीस होते. त्यांनी ते पद सोडले, आणि १८९६ साली रानडे व गोखले यांच्या मंडळींनी डेक्कन सभा ही निराळी संस्था काढली. त्या वादात कोणाची बाजू न्याय्य होती हे ठरविण्याचा माझा अधिकार नाही, आणि या लेखाचा तो विषयही नव्हे. त्यानंतरच्या दुष्काळात सार्वजनिक सभेच्या माणसांनी खेडोपाडी हिंडून रयतेला दुष्काळाच्या कायद्यातील तिचे हक्क समजावून दिले, आणि डेक्कन सभेनेही आपल्या रीतीने लोकसेवा केली. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की एवढा मोठा पालट कोणत्या युद्धाने किंवा सरकारी हुकमाने झाला नाही. वर्षाकाठी होणारी एक निवडणूक, तीत मत देण्यास पात्र असलेल्यांची एक यादी, आणि त्या यादीकडे एका बाजूने दिलेले अधिक लक्ष, एवढ्यानेच तो झाला. जी मंडळी यादीकडे क्षुल्लक म्हणून पाहतात, त्यांनी १८९५ साल विसरू नये.

आपल्या विदर्भातही अशी एक यादी ठरली. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात नवी घटना मंजूर झाली. चार आण्यांची वर्गणी भरणारा कोणीही मनुष्य काँग्रेसचा सभासद होऊ शकेल असे ठरले, आणि प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणात बांधून देण्यात आली. तोवर इंग्रजी जाणणाऱ्या शहरवासीयांचा मेळा म्हणून ओळखली जाणारी संस्था त्यानंतर खेड्यापर्यंत पोचली, त्याची कारणे अनेक असली तरी चार आणे हे त्यांतील एक आहे.

आमच्या शिक्षकवर्गाला सभेचे प्रत्यक्ष शिक्षण मिळाले ते मात्र या थोर संस्थांत नव्हे, पतसंस्थांत. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या सुरू झाल्या आणि १९६० साली महाराष्ट्राचा स्वतःचा सहकारी कायदा झाला. पगारदार नोकरांच्या पतसंस्थांची वार्षिक सभा म्हणजे गणवेशाशिवायची शाळाच. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, अहवाल, ताळेबंद, नफ्याची वाटणी, हिशेब तपासनिसाची नेमणूक आणि अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय, ही सारी परिभाषा मास्तरलोक तेथेच शिकले. त्याबरोबर काही वाईट चालीही शिकले. अहवाल सर्वांनी वाचला आहे असे धरून चालावे, हे वाक्य त्यांतील सर्वांत घातक. मंजूर मंजूर, नामंजूर नामंजूर अशा आरोळ्यांत विषयपत्रिका दहा मिनिटांत आटोपणे ही दुसरी चाल. २०१३ च्या दुरुस्तीने सहकारी संस्थांत क्रियाशील सभासद ही कल्पना आली, आणि पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेस हजेरी हे त्याचे एक लक्षण ठरले. पुढे त्या तरतुदीत फेरफार होत गेले. नोकरीत असलेल्या धडधाकट माणसाला अशी अट घालणे मी समजू शकतो. निवृत्तांच्या मंडळांनी तिचे अनुकरण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता निवृत्तिवेतनाकडे वळू. कारण निवृत्तांच्या मंडळाचे बळ त्याच्याशी बांधलेले आहे. १८७१ च्या निवृत्तिवेतन कायद्याप्रमाणे निवृत्तिवेतनाचा दावा दिवाणी न्यायालयात चालविता येत नसे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्याचा किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याचा दाखला लागे. निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा, आणि कृपेबद्दल भांडावयाचे नसते, असा त्याच्या मागचा भाव होता. स्वातंत्र्यानंतर हा भाव हळूहळू पालटला. बिहारच्या शिक्षण खात्यातील देवकीनंदन प्रसाद यांच्या दाव्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही कृपा नसून ती नोकराची मालमत्ता होय, असे ठरविले. एका शिक्षण खात्यातील माणसाने हे मिळविले, याचा शिक्षक म्हणून मला अभिमान वाटतो.

यानंतरचा दावा नाकारा यांचा. केंद्र सरकारने मे १९७९ मध्ये निवृत्तिवेतन काढण्याची सुधारलेली पद्धत जाहीर केली, पण ती ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांपुरती. त्याच्या आदल्या दिवशी घरी गेलेला मनुष्य जुन्या पद्धतीतच राहिला. १९७२ साली निवृत्त झालेले डी. एस. नाकारा न्यायालयात गेले. १७ डिसेंबर १९८२ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला, की निवृत्त हा एकच वर्ग आहे आणि केवळ तारखेची रेघ ओढून त्याचे दोन तुकडे करणे घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाविरुद्ध आहे. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे त्या पीठावर होते, आणि निर्णय न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिला. तेव्हापासून १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारकांचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या भागातही त्या दिवशी हार-तुरे होतात, भाषणे होतात.

त्या भाषणांत एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. नाकारांच्या बरोबर आणखी एक अर्जदार होता, आणि तो मनुष्य नव्हता. ती दिल्लीची कॉमन कॉज नावाची संस्था होती, १८६० च्याच कायद्याखाली नोंदलेली. तिला हा दावा आणण्याचा अधिकार काय, असा आक्षेप घेण्यात आला. न्यायालयाने तो फेटाळला. कारण ज्या वृद्धांना खर्चाचे आणि लांबलचक न्यायालयीन काम एकट्याने झेपत नाही, त्यांनी या संस्थेकडे आपली गाऱ्हाणी पाठविली होती आणि संस्था त्यांच्या वतीने उभी होती. सार्वजनिक सभेला सरकार जो प्रश्न विचारील म्हणून सार्वजनिक काकांनी पन्नास सह्यांचा नियम केला, तोच हा प्रश्न होता. याच संस्थेने पुढे निवृत्तिवेतनाच्या विकलेल्या अंशाचा दावा लढविला, आणि १९८६ च्या निर्णयाने तो अंश पंधरा वर्षांनी पूर्ववत मिळण्याचा मार्ग केंद्राच्या नोकरांस मोकळा झाला. एकट्यादुकट्याला न पेलणारे काम नोंदलेल्या संस्थेच्या हातून असे होते. पण त्या संस्थेची यादी निबंधकाकडे वेळेवर गेलेली असावी लागते, सभांची इतिवृत्ते लिहिलेली असावी लागतात, आणि जी संस्था सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणूनही नोंदलेली असेल, तिने कार्यकारिणी बदलल्यावर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल केलेला असावा लागतो. प्रोसिडिंग बुकाच्या मध्ये चार-चार वर्षांची कोरी पाने असलेल्या मंडळाने न्यायालयाच्या पायऱ्या चढू नयेत.

आता आपल्या परिसराविषयी. माझे वास्तव्य चोरखमारा येथे आहे. तिरोडा तालुक्यातील हे गाव १९२३ च्या सुमारास बांधलेल्या तलावामुळे लोकांस ठाऊक आहे, आणि नागझिऱ्याचे जंगल त्याला अगदी लागून आहे; १९७० साली तेथे अभयारण्य झाले आणि २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प झाला. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा निराळा झाला. त्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या कामाला आम्हांस भंडाऱ्यापर्यंत जावे लागे. जिल्हा जवळ आला, परंतु निवृत्तांच्या सभा तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणीच भरतात, आणि नोकरी करताना ज्या रस्त्याने सायकल हाणली तोच रस्ता पंचाहत्तराव्या वर्षी फार लांब होतो. दिवस मावळल्यावर जंगलकाठच्या रस्त्याने परत येणे हा काही गमतीचा विषय नव्हे.

धानपट्टीतील वाचकांस एका उपमेने माझे म्हणणे चटकन कळेल. तलाव भरलेला असला, तुडूम उघडलेला असला, तरी पाटाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचले की नाही, हे पाणकराला तेथवर चालत जाऊनच पाहावे लागते. पाळीवर उभे राहून ते दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका निवृत्त मंडळाची वार्षिक सभा झाली. नोटिशीत वेळ सकाळी अकराची होती. अकरा वाजता गणपूर्ती नव्हती, म्हणून सभा अर्धा तास तहकूब झाली आणि साडेअकराला त्याच जागी पुन्हा भरली. अशा तहकूब सभेस गणपूर्तीची अट नाही, हे वाक्य बहुतेक सर्व मंडळांच्या नियमांत असते. आम्ही चोरखमाऱ्याहून तिघे निघालो होतो. गाडी उशिरा आली. आम्ही सभागृहात शिरलो तेव्हा आभारप्रदर्शन चालू होते. त्या अर्ध्या-पाऊण तासात वर्गणी वाढली होती, कार्यकारिणी बिनविरोध निवडली गेली होती, आणि ऐनवेळच्या विषयांत आणखी एक ठराव झाला होता: यापुढे कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस सहयोगी सभासद समजावे, त्यांस मताचा अधिकार नसावा.

आमच्या तिघांत एक बाई होत्या. त्यांचे यजमान माझे सहकारी. त्याच मंडळाचे आजीव सभासद होते. सभेच्या आरंभी दुखवट्याचा जो ठराव होतो, त्यात त्या दिवशी त्यांचे नाव वाचले गेले होते. ते ऐकावयासही आम्ही वेळेवर नव्हतो. इतर संस्थांत दुखवट्याचा ठराव हा शिष्टाचार असतो. निवृत्तांच्या सभेत तो कामकाजाचा भाग आहे. कारण त्या यादीतील बहुतेक नावांच्या मागे एक विधवा असते, आणि तिचे काम त्याच दिवसापासून सुरू होते. मृत्यूचा दाखला, निवृत्तिवेतनाचा आदेश, जोडछायाचित्र, बँकेचे पुस्तक, नावातील एका वेलांटीचा फरक, आणि मग दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. मंडळाची खरी गरज कोणाला असेल तर ती तिला. बाईंनी हजेरीपुस्तक मागितले. कार्यवाहांनी सौजन्याने सांगितले, की सही केली तरी चालेल, पण ती मोजता येणार नाही. महजरावर उमटलेली बांगडीची निशाणी मला तेव्हा आठवली.

या ठरावाच्या समर्थकांचे म्हणणे मी ऐकून घेतले आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, मंडळ नोकरी केलेल्यांचे आहे. कुटुंबियांना मते दिली तर एखादा चतुर मनुष्य पंचवीस विधवांच्या सह्या गोळा करून निवडणूक जिंकील. मुखत्यारपत्राविषयीही हीच भीती घातली जाते. भीती निराधार नाही. यादीच्या जोरावर सत्ता कशी पालटते ते वर सांगितलेच आहे. परंतु त्यावर उपाय मत काढून घेणे हा नसून मोजमाप घालणे हा आहे. एका मनुष्याने दोनांहून अधिक मुखत्यारपत्रे आणू नयेत, आणि ती सभेच्या आधी कार्यवाहांकडे पोचलेली असावीत, एवढे केले तरी पुरे. शिवाय उद्या जो प्रश्न येणार आहे, त्यापुढे ही भीती फार लहान आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्याच्या नोकरीत लागलेल्यांस जुने निवृत्तिवेतन लागू करण्यात आले नाही. त्यांच्यासाठी अंशदानाची योजना आली. जुन्या योजनेच्या मागणीसाठी १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर संप झाला, तो आपल्या घरांतील मुलांनीही केला. ही मुले क्रमाने निवृत्त होतील. ज्या मंडळांच्या नियमांत सभासद म्हणजे निवृत्तिवेतनधारक अशी व्याख्या आहे, त्यांत त्यांना प्रवेश मिळेल काय? ३१ मार्च १९७९ ची रेघ सर्वोच्च न्यायालयाने पुसली, म्हणून आपण दरवर्षी हार घालतो. आणि आपल्याच नियमावलीत आपण दुसरी रेघ जपून ठेवली आहे. निवृत्तिवेतनधारक या शब्दाच्या जागी सेवानिवृत्त व त्यांचे हयात पती अथवा पत्नी, एवढी दुरुस्ती केली की दोन्ही प्रश्न सुटतात.

ही दुरुस्ती ऐनवेळच्या विषयांत मात्र आणू नये. चांगली गोष्टही आडवाटेने आली म्हणजे पुढल्या वर्षी त्याच आडवाटेने परत जाते. ती विषयपत्रिकेवर छापली जावी, जुना नियम व नवा नियम शेजारी शेजारी द्यावा, आणि नोटीस चौदा दिवस आधी टपालात पडावी. सभेची वेळ दुपारी एकची ठेवावी आणि तीनला उठावे, म्हणजे लांबचा मनुष्य उजेडी घरी पोचतो. तहकुबी अर्ध्या तासाची न ठेवता एक तासाची ठेवली तर कोणाचे काही बिघडत नाही. २०२० च्या साथीत सभा लांबल्या आणि काही संस्थांनी त्या दूरध्वनीच्या पडद्यावर घेतल्या. तो मार्ग ज्यांस साधेल त्यांनी घ्यावा. डोळ्यांत मोतीबिंदू आणि कानांत यंत्र असलेल्या माणसाला मी तो सुचविणार नाही. त्यापेक्षा सभा आळीपाळीने गावोगावी भरविणे बरे. शाळेची इमारत रविवारी रिकामीच असते, आणि सतरंज्या अजूनही मिळतात.

वर सांगितलेल्या मंडळाकडे अशी एक लेखी सूचना गेली आहे. नियमाप्रमाणे तीवर सूचक आणि अनुमोदक अशा दोन सह्या लागतात. सूचक म्हणून प्रस्तुत लेखकाची सही आहे, अनुमोदक म्हणून त्या बाईंची. अनुमोदकास मताधिकार नसल्यामुळे ही सूचना विषयपत्रिकेवर घेता येते किंवा कसे, हा प्रश्न कार्यवाहांनी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे, आणि येत्या वार्षिक सभेची नोटीस त्या निर्णयापर्यंत थांबली आहे.